नमुन्यापुरतं रडणं

माझ्या प्रबंधाची सगळी टिपणं लग्नपत्रिकांच्या पाठीवर लिहिलेली आहेत. आमच्या सरांची ती शिस्तच होती. कोरी कार्डं विकत आणणं त्यांना उधळपट्टी वाटे, म्हणून सांगलीत ओळखीच्या कुणाकडेही कार्य निघालं की उरलेल्या पत्रिका सरांच्या घरी येत. आम्ही विद्यार्थी त्या कात्रीनं सारख्या आकारात कापून बुटांच्या खोक्यात उभ्या लावत असू. त्यामुळे माझ्या खोक्यात एका बाजूला ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ आणि दुसऱ्या बाजूला कुण्या म्हातारीनं मेलेल्या लेकीसाठी काढलेला हेल, असा सगळा संसार होता. माझा विषयच तसा होता. खेड्यातल्या बायका मयताच्या वेळी शब्द घालून, सूर लावून रडतात, त्या रडण्याचा अभ्यास. आई तो विषय चारचौघांत उच्चारत नसे. शेजारणीनं विचारलं तर ‘मराठीतच करतेय काहीतरी’ एवढं सांगे आणि आत येऊन माझ्यावर उखडे, “लग्नाची पोर तू, नि दिवसभर मढ्यांची गाणी लिहीत बसतेस. कोण येणार गं उंबऱ्यात?” तिचं म्हणणं पुढं अगदीच खोटं ठरलं नाही, पण ते असो.

आम्ही दोन खोल्यांत राहत होतो. वडील पोस्टात. हळदीचा मोसम सुरू झाला की बाजाराकडून वारा यायचा आणि दोरीवरच्या धुतल्या पातळालासुद्धा हळदीचा वास लागायचा. संध्याकाळी वडील सदरा काढून खुंटीला लावत, आई स्टोव्हला पंप मारत असे, त्या फसफस आवाजात वडील पाटावर बसून कांदा फोडत आणि भडंगाचे बोकणे भरत. सदरा काढला की त्यांची भाषाही उतरायची. दिवसभर काउंटरवर ‘आपलं काय काम आहे’ म्हणणारा माणूस घरात ‘कुसे, पानी आन गं वाईच’ म्हणायचा. कॉलेजातल्या मैत्रिणी घरी आल्या की मला त्याची लाज वाटायची. आज लिहिताना त्या लाजेचीच लाज वाटते. पण एकदा वर्गात सरांनी विचारलं, “कुणाचं मूळ गाव अगदी खेडं आहे?” आणि माझा हात वर गेला, तेव्हा पहिल्यांदाच मला आपल्यापाशी काहीतरी असल्यासारखं वाटलं. सर तपकिरीची चिमूट धरून म्हणाले, “ओव्या सगळ्यांनी गोळा केल्या. जात्यापाशी आता बसायला जागा नाही. रडणं मात्र कुणी ऐकलं नाही नीट. तू ऐक.”

आमचं गाव औंधाच्या अलीकडे, उघड्या माळावर. घरटी एक माणूस पलटणीत. पाऊस पडला तर ज्वारी, नाही तर काही नाही. तिथं वडिलांची गावातच दिलेली थोरली बहीण, माझी गजराआत्या, राहायची. रडण्यात आत्याचं नाव पाच गावांत होतं. मयत झालं की कुणीतरी म्हणायचंच, “गजरा आली का? तिला येऊ द्या, मग उचला.” बाकीच्या बायका नुसत्या हुंदके देत. आत्या मात्र गळ्यात गळा घालून असं काही बोलू लागायची, की गेलेल्या माणसाचं अख्खं आयुष्य समोर उभं राहायचं. त्यानं लावलेलं आंब्याचं झाड, त्याचं भांडण, त्याची आवडती आमटी, सगळं तिच्या रडण्यात येई. जन्मभर भावाशी न बोललेला माणूससुद्धा मग ओसरीच्या खांबाला धरून रडे. आणि एरवी ही बाई म्हणजे नुसती टिंगल. मी गेले की दारातूनच ओरडायची, “आली गं बया, सांगलीची मास्तरीन! काय आनलंस? भडंग? लेकी, दात न्हाईत मला, भडंग कशानं खाऊ, तुज्या पुस्तकानं?” आणि मग तेच भडंग पाट्यावर भरडून खायची.

दुष्काळाची सालं होती ती. रेशनवर मिलो नावाचं परदेशी लाल धान्य मिळायचं, त्याच्या भाकरी थापताना चिरायच्या आणि खाताना घशात अडकायच्या. सकाळी हुलग्याचं पातळ माडगं, दुपारी ती भाकरी आणि कारळ्याची चटणी. शालनवहिनी भाकरी करायची. वहिनी म्हणजे आत्याची सून, दिनकरदादाची बायको. माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठी, बोलणं मोजकं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. लग्नानंतर दादाबरोबर तिचे सगळे मिळून चार महिने गेले असतील. दादा सैन्यात होता. बांगलादेशच्या लढाईनंतर त्याच्याबद्दल एक कागद आला होता, त्यात तो बेपत्ता असल्याचं लिहिलं होतं. मेला असं कुणी म्हटलं नाही, जिवंत असंही नाही. तेव्हापासून त्या घरात एक नियम होता, तो कुणी बोलून दाखवत नसे. त्याच्यासाठी रडायचं नाही. आमच्याकडे पक्की समजूत आहे, जित्या माणसाला नाव घेऊन रडलं की त्याचं आयुष्य तुटतं. पाच गावांना रडवणारी बाई स्वतःच्या लेकासाठी दोन वर्षांत एकदाही रडली नव्हती. आणि वहिनी दर पंधरा दिवसांनी दादाची सायकल पुसायची. सोप्यात दोन विटांवर ती उभी केलेली होती. चेनला गोडंतेल, चाकांत हवा. पंप शेजारून मागून आणायची आणि पदर खोचून स्वतः मारायची. मी एकदा गमतीनं म्हटलं, “वहिनी, चालवणार कोण?” तिनं वर पाहिलं नाही. म्हणाली, “ज्याची हाय त्यो.”

माझं काम मात्र अडलं होतं. मयतीच्या घरी वही काढून बसले की बायका अंगावर येत. एका गावात तर म्हातारीनं हात धरून बाहेर काढलं, “मढं घरात नि ही काय लिवती गं? तलाठ्याची हाय का?” तिचं चुकलं नव्हतं. मग आठवून लिहायला जावं तर शब्द राहत आणि सूर सुटून जाई. सर म्हणाले, “सुराशिवाय सिद्ध काय करणार? हेल कुठे चढतो, कुठे तुटतो, ते ऐकवता आलं पाहिजे. एक तरी अस्सल नमुना ध्वनिमुद्रित हवा.” त्यांनी खटपट करून कॉलेजचा टेपरेकॉर्डर पंधरा दिवसांसाठी मिळवून दिला. मोठी पेटी, दोन चकत्या, सेल घातले की चालणारी. ती मांडीवर घेऊन मी सांगलीहून एसटीनं गावी गेले. वाटेत तीनदा कंडक्टरनं विचारलं, “ताई, बाजाची पेटी हाय का?”

आत्यापुढं मी विषय काढला तेव्हा ती हुलगे निवडत होती. आधी तिला वाटलं मी चेष्टा करते. मग सूप खाली ठेवून म्हणाली, “कुणी मेलं न्हाई, बिलं न्हाई, नि रडू व्हय गं? घरात आवदसा आनायचीया काय?” मी समजावलं. नमुन्यापुरतं, दहाच मिनिटं. खरं रडायचं नाही, नुसतं कसं रडतात ते दाखवायचं. “दाकवायचं?” ती हसली, “रडं काय लुगडं हाय व्हय, उलगडून दाकवाय?” दोन दिवस मी मागं लागले. शेवटी मी ते हत्यार काढलं जे काढायला नको होतं. म्हटलं, “आत्या, हे झालं नाही तर माझी परीक्षा राहील. तीन वर्षं फुकट. आई म्हणते तेच खरं होईल.” आत्याला मूल एकच, दादा. त्याच्यानंतर माझ्यावरच जीव. ती म्हणाली, “तुज्या मामाला, माज्या मालकास्नी रडते. त्यास्नी जाऊन धा वर्सं झाली. मेलेल्याला रडल्यालं चालंल. पर चार बायकांत बोलू नगंस. जित्या घरात रडं काडलं म्हनून तोंडात श्यान घालतील.” तेवढ्यावर आमचं ठरलं. कुणाला सांगायचं नाही. वहिनीला सांगितलं होतं, तिला ते मुळीच आवडलं नव्हतं, पण सासूपुढं बोलायची तिची रीत नव्हती.

इतक्या वर्षांनी विचार करते तेव्हा वाटतं, सगळं त्या न सांगण्यात होतं. शेजारी नुसतं सांगून ठेवलं असतं तर फार फार तर चार शिव्या बसल्या असत्या. मी एवढी शिकलेली. मयताच्या रीती माझ्या खोक्यात क्रमानं लावलेल्या. त्यातल्या एका पत्रिकेच्या पाठीवर मीच माझ्या हातानं लिहिलेलं होतं, की रडण्याचा आवाज आला की आळीतल्या बायका हातातलं काम टाकून धावतात, विचारत बसत नाहीत, आधी गळ्यात पडतात. लिहिलेलं होतं आणि मला ते आठवलं नाही.

दुपारची वेळ निवडली. पुरुष सगळे रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेलेले. माजघरात आत्याला बसवलं, दार लोटून घेतलं, पेटी सुरू केली. चकत्या फिरू लागल्या तशी आत्या त्यांच्याकडं बघत बसली, तिला हसू आलं, तोंडाला पदर लावून म्हणाली, “बया, हे तर जात्यावानी फिरतंय.” स्वयंपाकघरात वहिनीच्या भाकरीची थाप ऐकू येत होती. मग आत्यानं डोक्यावर पदर ओढला, डोळे मिटले आणि अगदी हळू सूर लावला. मामांना रडू लागली. “आवं माज्या धन्या, कुनाच्या जिवावर टाकून गेलासा वं… बैलं दावनीला हंबरत्यात, त्यास्नी काय सांगू वं… तुमचं पागुटं खुट्टीला तसंच हाय वं…” मी घड्याळ बघत होते. कुठं हेल चढतो, कुठं मोडतो, बोटानं मांडीवर खुणा करत होते. खूश होते मी. सरांचा चेहरा डोळ्यांपुढं येत होता.

आणि मग तिचा आवाज एकदम खाली गेला. मामांशीच बोलल्यासारखी म्हणाली, “आवं, येक इचारू का वं… तुमच्याकडं माजं लेकरू आलंय का वं… आलं आसंल तर त्याला पानी द्या वं, लांबनं आलं आसंल… न्हाई आलं तर तसं तरी सांगा वं…” मी चमकून पाहिलं. तिचे डोळे मिटलेलेच होते. हात पुढं करून ती कुणाला तरी चाचपत होती. दोन वर्षं दाबून धरलेलं एका क्षणात सुटलं आणि घर हादरेल असा तिचा आवाज वर गेला, “दिना! माज्या दिना रं! कुटं पडलास रं माज्या वासरा!” भाकरीची थाप थांबली.

मी पेटी बंद करायला हवी होती. हात पुढं गेलाही होता. पण मी ती बंद केली नाही. खरं सांगते, त्या क्षणी मनात आलं, हाच तो नमुना.

दार धाडकन उघडलं. शेजारची धुरपाकाकू पुढं, तिच्यामागं आळीतल्या दहाबारा बायका, कुणाच्या हाताला शेण, कुणाचं पोर काखेत. गजराचा आवाज आणि त्यात दिनाचं नाव, आणखी काय ऐकायचं राहिलं होतं? त्यांना वाटलं तार आली. धुरपाकाकूनं “आगं माजे गजरे, घात झाला गं” म्हणत आत्याच्या गळ्याला मिठी घातली आणि सगळ्यांनी एकदम सूर धरला. आत्या भानावर नव्हती. कुणीतरी कुशीत घेतल्यावर ती जास्तच रडू लागली. मी ओरडत होते, “अहो थांबा, काही झालेलं नाही! हे अभ्यासासाठी आहे, नमुना आहे!” त्या कल्लोळात माझी सांगलीची पुस्तकी मराठी कुणाच्या कानात शिरणार होती? वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आली. कोपरापर्यंत पीठ. दोन विधवा बायकांनी तिला दोन्हीकडून धरून खाली बसवलं. मी मधे पडले तर कुणीतरी मला कुशीत ओढून घेतलं, “रड बाय, तूबी रड, बंधू गेला तुजा.” धुरपाकाकूनं पदरानं वहिनीचं कुंकू पुसलं. मग तिचे दोन्ही हात धरून पाट्यावर आपटले. हिरव्या काचा पिठात पडल्या. वहिनी ओरडली नाही की रडली नाही. ती बायकांच्या डोक्यांवरून माझ्याकडं बघत राहिली.

फीत संपली. सुटलेलं टोक चकतीवर फटफट आपटू लागलं आणि तो आवाज कुठला म्हणून एकेक बाई गप्प झाली. धुरपाकाकूनं नाक पुसत विचारलं, “तार कवा आली?” मी म्हटलं, “तार नाही आली, काकू.” माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. मला पुन्हा सांगावं लागलं. मग सगळ्यांनी त्या पेटीकडं पाहिलं. धुरपाकाकू आत्याकडं वळली. “रडं शिकवाय बसली हुतीस व्हय गं, गजरा?” आत्या तोंड उघडून नुसती बसली होती. धुरपाकाकूनं मग माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती पाट्याजवळ गेली, वहिनीच्या हातावरचं रक्त पुसलं आणि काचेचे तुकडे एकेक करून आपल्या ओटीत वेचू लागली. “माज्या हातानं झालं गं पोरी,” म्हणत होती, “या माज्या हातानं झालं.” त्या दिवसात खरं रडणं तिचंच होतं आणि ते टेपवर नाही.

गावात त्याच संध्याकाळी दोन मतं झाली. काही म्हणाल्या, चुकून झालं ते झालंच नाही असं धरायचं. म्हाताऱ्या म्हणाल्या, फुटला तो चुडा फुटला, आईनंच नाव घेऊन रडल्यावर आता राहिलं काय. वहिनीनं ते सगळं ऐकलं, उठून आरशापुढं गेली आणि पुन्हा कुंकू लावलं, आधीपेक्षा मोठं. दुसऱ्या दिवशी औंधाचा बाजार होता. ती एकटी चालत निघाली. मी मागोमाग गेले, चार मैल. तिनं एकदाही वळून पाहिलं नाही. कासारापुढं बसून तिनं हात पुढं केले. ओरखडे ताजे होते. आमच्या भागातल्या कासाराला असे हात बघून काही सांगावं लागत नाही. तो बिचकला, “बाय, हात तर…” वहिनी म्हणाली, “भर. सवाष्ण हाय मी.” त्यानं भरल्या. ती तिथून यमाईच्या डोंगराला गेली आणि मी पायथ्याशी उन्हात बसून राहिले. वर जायची माझी छाती झाली नाही.

मी निघाले तेव्हा आत्या एसटीपर्यंत आली. वाटेत म्हणाली, “ते पेटीतलं पुसता येतं का गं?” मी म्हटलं, येतं. “मग पुस. त्याचं नाव कुटं ठिवू नगंस.” मी म्हटलं, पुसते. गाडीत बसल्यावर तिनं खिडकीतून माझ्या मांडीवरच्या पेटीला हात लावला, जसा लहान पोराच्या डोक्याला लावतात तसा.

मी ते पुसलं नाही. सरांकडं नेलं. सरांनी पूर्ण ऐकलं, तपकिरीची चिमूट बोटांतच राहिली. मग म्हणाले, “यापेक्षा अस्सल मिळणार नाही. पण घ्यायचं की नाही ते तूच ठरव. मी सांगणार नाही.” त्यांनी नको म्हणावं असं मला वाटत होतं. म्हणजे मग पाप त्यांच्या माथी गेलं असतं, किंवा पुण्य. मी ठरवलं. प्रबंधात तो नमुना सातवा. जिथं जिथं दादाचं नाव येतं तिथं तिथं टिंबं घातली आणि त्या टिंबांनी आपण शब्द पाळला अशी मनाची समजूत घातली. बहिःस्थ परीक्षकांनी नेमकं त्याच प्रकरणाचं कौतुक केलं. पदवी मिळाली, साताऱ्याला नोकरी मिळाली, आईनं शेजारणींना पहिल्यांदाच माझा विषय सांगितला. दिवाळीला गावी गेले तेव्हा आत्यानं एकदाच विचारलं, “पुसलंस न्हवं?” मी “हो” म्हटलं. ती म्हणाली, “गुनाची माजी.”

तोवर आत्याचं रडणं थांबलं होतं. मयत झालं की बोलावणं यायचं, ती जायचीही, पण भिंतीला टेकून गप्प बसून राहायची. लोक वाट बघत आणि मग प्रेत तसंच उचलत. मी कारण विचारलं तर म्हणाली, “खोटं रडाय बसले नि खरं रडं आलं. आता खरं रडाय बसले तर काय यील कुनास ठावं. भ्या वाटतं गं.” ज्या रडण्यावर मी पदवी घेतली ते रडणं माझ्यामुळं बंद पडलं. हे वाक्य प्रबंधाच्या निष्कर्षांत कुठं नाही, म्हणून इथं लिहून ठेवते. ती फीत अजून माझ्या कपाटात आहे. ती वाजवायचं यंत्र आता सहजी मिळत नाही. भाचा म्हणतो, मावशी, दे, मोबाइलमध्ये घालून देतो. मी त्याला चहा देते आणि विषय बदलते.

प्रबंध बांधून झाल्यावर तिसऱ्या वर्षी आत्या गेली. मी साताऱ्याहून पोचले तेव्हा अंगणात तिरडी बांधून होत आली होती. आमच्यात रीत अशी, की माहेरची लेक वेशीपासून रडत यायला पाहिजे. साऱ्या बायका माझ्याकडं बघत होत्या. माझ्याजवळ साडेतीनशे पानं होती. हाक कशी घालायची, गुण कसे सांगायचे, तक्रार कुठं करायची, निरोप कुठं द्यायचा, सगळं पाठ. मी तोंड उघडलं आणि आवाज फुटला नाही. अंगणाच्या मधोमध उभी राहिले खांबासारखी. धुरपाकाकू हळूच म्हणाली, “शिकल्यालीचं रडं आटतं बाय, असू दे.” ती टोमणा मारत नव्हती, माझी कीव करत होती.

तेव्हा वहिनी पुढं आली. तिला रडताना गावानं कधी ऐकलं नव्हतं. तिनं सासूचे पाय धरले, हातातल्या हिरव्या बांगड्या तिरडीच्या बांबूवर वाजल्या, आणि जड, कोरड्या आवाजात तिनं सुरुवात केली, “आवं माज्या आत्ती, त्ये आलं म्हंजी मी काय सांगू वं… आय कुटं हाय म्हनून इचारत्याल वं… तुमी आस्तासा तर म्या चा ठिवला आस्ता, नि तुमी दारात गेला आस्तासा वं… आता दोनी कामं मी एकली कशी करू वं… सायकलीत हवा भरून ठिवलीया आत्ती… वाईच थांबायचं हुतं वं…” बायकांनी सूर धरला नाही. एकही बाई तिच्या गळ्यात पडली नाही. असं रडणं कुणी ऐकलंच नव्हतं, ज्यात मेलेल्या आईसाठी रडताना लेकाचं येणं सांगितलं जातं. त्यात सातव्या नमुन्याचा एकही नियम बसत नव्हता. माझा हात पर्समधल्या पेनाकडं गेला होता. तो मी कसा थांबवला ते मलाच माहीत.

माती देऊन सगळे परतले. वहिनीनं मला हात धुवायला पाणी दिलं. त्या दुपारनंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. पाणी ओतता ओतता म्हणाली, “पेटी आनली न्हाईस व्हय आज?” मी मान हलवली. “आज आनायची हुतीस,” ती म्हणाली, “आज खरं हुतं.” एवढं बोलून ती तांब्या घेऊन आत गेली. तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

गाडीला वेळ होता. मी सोप्यात उभी राहिले. सायकल तशीच दोन विटांवर होती. सीटचं कातडं चिरलं होतं, त्यावर फडक्याची खोळ शिवून घातली होती. चेनला तेल ओलं होतं. आत वहिनी चुलीपाशी होती, मला दिसत नव्हती. मी खाली वाकले आणि पुढचं चाक अंगठ्यानं दाबून पाहिलं. टणक होतं.